नमुन्याबाहेर

दुसऱ्या वर्षी मला काम मिळालं
पेन्सिली पाडायचं.
लिफ्टचं दार मिटलं की तीन मोजायचे
आणि कोपराने डबा असा ढकलायचा
की चुकून पडला वाटावं.
बत्तीस पेन्सिली, पिवळ्या, टोक केलेल्या.
"ओशाळं हसायचं, पण मदत मागायची नाही,"
फेइकेने बजावलं.
तो परोपकारावर पीएचडी करतो
आणि फ्रीजमधलं दुसऱ्याचं दूध पितो.

आई फोनवर विचारते,
मागे गोठ्यात धारांचं यंत्र घरघरत असतं,
"मग आता कळतं का गं तुला, आमच्या मनातलं?"
नाही, आई. मला सरासरी कळते,
आणि सरासरीपासून कोण किती लांब पांगलंय ते.
"म्हणजे गुरांसारखंच की," ती म्हणते.
श्युर्डबद्दल ती बोलत नाही. मीही विचारत नाही.
त्याच्या खोलीबाहेर ठेवलेलं ताट
रिकामं होतं की तसंच राहतं,
एवढंच तिच्या आवाजावरून ओळखते.

पहिल्या दिवशी चारशे जण होतो सभागृहात.
का आलात, विचारल्यावर
सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, माणसांत रस आहे.
घरातल्या बंद दाराचं नाव
कुणीही घेतलं नाही.
मग वर्षभर आम्ही
प्रमाण विचलन काढत बसलो,
दार वाजवायचं कसं, ते अभ्यासक्रमात नव्हतं.

तर, पेन्सिली.
कोण वाकतं, किती सेकंदांनी, किती उचलतं,
मी मनात टिपून घ्यायची
आणि चौथ्या मजल्यावर कागद पुढे करायची:
हे खरं नव्हतं, आपल्याला फसवलं, क्षमस्व,
इथे सही करा.
माणसं हसायची. एकदा एक मुलगा रडवेला झाला,
तो नुसता बघत उभा राहिला होता.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं
की बऱ्याचदा कार्तोसेनकाका असायचे, मॉप घेऊन.
पारामारिबोत जन्मले, गुडघे गेलेले,
तरी सगळ्यांआधी तेच वाकायचे.
पाचव्या खेपेला त्यांना नक्की कळलं होतं.
"आज हात फारच निसटतोय तुझा," म्हणाले,
आणि वाकले.
ह्यांना कुठल्या रकान्यात लिहू, मी फेइकेला विचारलं.
"सफाईवाले ना? ते नमुन्यात नाहीत. वगळ."

फेब्रुवारीत कालव्याकाठी
विटांवर बर्फाचा काचेसारखा पापुद्रा.
सायकल गेली, मी गेले,
दप्तरातलं सगळं भसाभस बाहेर.
समोर एक मुलगी थांबली. मी ओळखलं,
सकाळीच तिची सही घेतली होती.
ती खिशात हात घालून
आजूबाजूला कॅमेरा शोधत होती.
"आता काय मोजताय?" तिने विचारलं, अगदी गोड हसून.
मनगट भलत्याच बाजूला वळलेलं,
आणि मी, सवयीची गुलाम,
अकरा सेकंद मोजले
तिचा चेहरा बदलेपर्यंत.
मग ती धावली. रुग्णालयात सोबत बसली,
सारखी माफी मागत होती.
माफी कुणी मागायची, ते मला सांगता येईना.

रात्री घरी फोन केला. आईने उचलला नाही.
तिकडून कुणीतरी श्वास घेतला, थांबला,
आणि घोगऱ्या आवाजात, बऱ्याच महिन्यांनी,
"कुठला हात?"
"उजवा," मी म्हटलं.
फोन ठेवला गेला. पुढे काही नाही.
ह्याचा अर्थ काय, विचारू नका.
एका निरीक्षणावरून काहीही सिद्ध होत नाही.

सोमवारी प्लास्टर घेऊन लिफ्टमध्ये शिरले.
डावा हात भलताच अडाणी,
डबा घट्ट धरून बसला, सोडेना.
तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं.
कार्तोसेनकाकांनी प्लास्टर पाहिलं, मॉप भिंतीला टेकवला,
आत आले,
माझ्या हातातून डबा घेतला
आणि स्वतःच पाडला.

बत्तीस पेन्सिली, सगळ्या दिशांना.
दार मिटलं. आत आम्ही दोघंच.
चौथा मजला गेला, पाचवा गेला.
कुणी वाकायचं, ते ठरेना.